धागा: वाईट बातमी साहेबाला सगळ्यात शेवटी का कळते? (हाताखाली माणसं असणाऱ्यांनी जरूर लिहा)

सड्यावरचा | ८ जून, रात्री ९:४०

आंब्याचा हंगाम संपला. शेवटचे डबे शुक्रवारी गोदामात गेले, बॉयलर थंड झाला, कामावर येणाऱ्या बायका आता भाताच्या तरव्याच्या मागे लागल्यात. तीन महिन्यांनी आज पहिल्यांदा रात्री निवांत बसलोय, म्हणून बरेच दिवस मनात असलेलं लिहून काढतो.

मी देवगड तालुक्यात एका कॅनिंगच्या कारखान्यात उत्पादन बघतो. हंगामात हाताखाली साठ-पासष्ट माणसं असतात, त्यातल्या चाळीसेक बायका. तेरा वर्षं झाली. यातली पहिली दहा वर्षं मी चांगला साहेब आहे असंच मला वाटत होतं. वेळेवर येतो, पगार वेळेवर काढतो, स्वतः क्रेट उचलायला लाजत नाही. आणखी काय पाहिजे?

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात एका रात्री लाईट गेली. आमचा जनरेटर सगळा कारखाना ओढत नाही, त्यामुळे आंबा पिकवायच्या खोलीतले पंखे चार तास बंद राहिले. पिकत आलेला आंबा स्वतःच गरम होत असतो, हवा खेळली नाही तर खालच्या क्रेटमधला माल उबतो. सकाळी आठला तोच माल कापणीच्या टेबलावर आला, तिथून पल्परमध्ये आणि पल्परमधून टाकीत. दहा वाजता मी ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, बघायला गेलो. टाकीवर वाकलो आणि वास आला. चमचाभर रस जिभेवर ठेवला. आंबट लागला असता तर चाललं असतं, हा आंबूस, म्हणजे आंबायला लागलेला होता. आठशे किलो रस ओतून द्यावा लागला.

दुपारी मी टेबलावरच्या सगळ्यात जुन्या बाईंना विचारलं, "काकी, तुम्हाला वास आला नाही?" त्यांनी सुरी पुसून बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "माका वास सकाळीच इलो होतो. पण गेल्या वर्सा मी बोललंय, तेव्हा तुमी म्हटलात, तू तुझा काप, डोक्याचा काम आमी करतो. मगे मी गप रवलंय."

मला आठवलं. मी खरंच तसं बोललो होतो. ट्रक खोळंबला होता, फोन वाजत होता, तेव्हा. माझ्यासाठी ते वाक्य त्याच मिनिटाला संपलं होतं. त्यांच्याकडे ते वर्षभर राहिलं.

पंखे बंद पडलेले रात्रपाळीच्या माणसानेही बघितले होते. त्याने का सांगितलं नाही? सकाळी मी गेटवर एका ड्रायव्हरवर ओरडत होतो, ते बघून तो तसाच घरी गेला. म्हणजे माल उबल्याचं दोन माणसांना कळण्यासारखं होतं आणि दोघांच्याही वाटेत मीच उभा होतो.

हापूसमधला साका वरून दिसत नाही. फळ पिवळंधमक, हाताला घट्ट, कापल्यावर आत पांढरा स्पंज. म्हणून आम्ही प्रत्येक लॉटमधली फळं कापून बघतो, वरच्या रंगावर विश्वास ठेवत नाही. फळाची एवढी काळजी घेणारा मी, माणसांना मात्र "सगळं ठीक ना?" एवढं विचारून पुढे जात होतो. त्या प्रश्नाला "होय साहेब" याशिवाय उत्तरच नसतं.

तेव्हापासून सकाळी पावणेआठला वजनकाट्यापाशी सगळे उभ्याने जमतो. दहा मिनिटं. प्रश्न एकच: "काल संध्याकाळपासून नेहमीपेक्षा वेगळं काय दिसलं?" यात चूक कोणाची हे विचारलेलं नाही, त्यामुळे बोलणाऱ्याला कोणाची चुगली केल्यासारखं वाटत नाही. पहिले आठ-दहा दिवस सगळे जमिनीकडे बघत उभे. मग एकजण म्हणाला, सीमरचा, म्हणजे डब्याचं झाकण बसवणाऱ्या मशीनचा, आवाज जरा बदललाय. मेकॅनिकने बघितलं तर रोलर सैल. झाकणाची शिवण सैल राहिली की डबा आज चांगला दिसतो आणि महिन्याभराने फुगतो. त्या दिवशी मी सगळ्यांसमोर त्याचं नाव घेऊन सांगितलं की याच्यामुळे आज माल वाचला. दुसऱ्या दिवशी चारजण बोलले.

माझा प्रश्न असा: तुमच्या कामात वाईट बातमी तुमच्यापर्यंत वेळेवर पोचावी म्हणून तुम्ही काय करता? पुस्तकातलं नको, स्वतः केलेलं लिहा.

---

मतलई | ९ जून, सकाळी ७:१५

दादा, लिहिलंय मनापासून, पण मला अर्धंच पटलं.

मी हर्णैचा, तांडेल आहे, म्हणजे मासेमारीच्या बोटीचा प्रमुख. सध्या पावसाळी मासेमारी बंदी आहे, ३१ जुलैपर्यंत बोट शाकारून ठेवलीय, म्हणून लिहायला वेळ आहे. दर्यावर मतं मागत बसता येत नाही. मागे एकदा जाळं पाण्यात असताना वारा फिरला. दहा मिनिटांत लाट अशी झाली की जाळं ओढायला गेलो असतो तर बोट आडवी झाली असती. मी म्हणालो, दोर कापा. जाळं नाखव्याचं, म्हणजे बोटीच्या मालकाचं, किंमत लाखांत. एका खलाशाने नुसतं माझ्याकडे बघितलं आणि कोयता घातला. तिथे त्याने "तांडेल, जरा विचार करू या" म्हटलं असतं तर आज मी हे लिहीत नसतो. सगळ्यांना बोलायची सवय लावली की ऐकायची सवय जाते, असं मी बघितलंय.

---

सड्यावरचा | ९ जून, दुपारी १:३०

मतलई, तुमचं बरोबर आहे, त्या दहा मिनिटांत एकच आवाज पाहिजे. बॉयलरच्या प्रेशरचा प्रश्न आला तर मीही कोणाला विचारत नाही. पण एक सांगा, वारा फिरतोय हे सगळ्यात आधी तुम्हीच बघितलं होतं का?

---

मतलई | ९ जून, रात्री ८:०५

नाही. नाळीवरच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरच्या पोराने बघितलं. पश्चिमेला पाणी काळं दिसतंय म्हणून तोच ओरडला.

तुम्ही कुठे घेऊन चाललात ते कळलं. खरं सांगतो, बंदरात असताना मी ऐकतो. बर्फ भरून झाला, डिझेल भरलं, की निघायच्या आधी सगळे नाळीवर बसतो. कुठे जायचं, किती वाव खोल पाण्यात जायचं, किती दिवस राहायचं. त्यात सगळ्यात लहान पोराला पहिलं बोलायला लावतो आणि मी शेवटी बोलतो. हे मला माझ्या बापाने शिकवलं. तांडेल पहिला बोलला की बाकीच्यांची मतं तिथेच संपतात, सगळे माना डोलवतात. पोरं वाट्यावर काम करतात. मासळी कमी लागली तर त्यांचाही वाटा कमी होतो, त्यामुळे उगाच बोलत नाहीत.

पण एकदा गोदी सोडली की शब्द माझा. हे दोन्ही वेगळं ठेवा, एवढंच माझं म्हणणं.

---

घाटपायथा | १० जून, सकाळी १०:२०

चर्चा चांगली चाललीय. मी कोकण रेल्वेत सिव्हिलला होतो, निवृत्त होऊन काही वर्षं झाली. दोन गोष्टी सांगतो, एक मोठी, एक लहान. माझ्या लेखी लहान जास्त महत्त्वाची.

मोठी सगळ्यांना थोडीफार माहीत असेल. महामंडळ १९९० च्या जुलैमध्ये स्थापन झालं आणि २६ जानेवारी १९९८ ला रोहा ते मंगळूरजवळचं ठोकूर हा सगळा मार्ग खुला झाला. सुमारे ७४० किलोमीटर, ९१ बोगदे, त्यातला एकटा करबुडेचा साडेसहा किलोमीटर. पेडण्याच्या बोगद्यात तर मऊ माती खचत राहायची, तिथे माणसंही गेली. हे सगळं साडेसात वर्षांत झालं, त्यामागे महामंडळाचे तेव्हाचे प्रमुख श्रीधरन साहेबांनी कामाची केलेली वाटणी होती. मार्गाचे सात भाग केले, साधारण शंभर-शंभर किलोमीटरचे, आणि प्रत्येकावर एक मुख्य अभियंता बसवला. त्याला निर्णय घ्यायचा पूर्ण अधिकार. महाडचा प्रश्न महाडला सुटायचा, कुडाळचा कुडाळला. फाईल वर पाठवून वाट बघायची नाही. आम्ही कनिष्ठ लोक होतो, पण साहेब साईटवरच "हो" किंवा "नाही" म्हणतात याचा खालपर्यंत केवढा परिणाम होतो ते आम्ही अनुभवलंय. चार दिवस उत्तर येत नाही म्हटल्यावर माणूस विचारायचंच सोडतो.

आता लहान. पावसाळ्यात कटिंगमध्ये, म्हणजे डोंगर कापून रूळ नेलेत तिथे, गस्त असते. रात्री एकटा माणूस, कंदील, झेंडी आणि ड्रायव्हरला इशारा द्यायला रुळावर लावायचे फटाके घेऊन चालतो. त्याला रुळावर दगड-माती दिसली तर तो गाडी थांबवू शकतो. मग ती राजधानी का असेना. पगाराने सगळ्यात खालच्या माणसाला हा अधिकार आहे आणि तो कागदावर नाही, हातात आहे.

एका जुलैत आमच्या विभागात एका गस्तवाल्याने गाडी थांबवली. कटिंगच्या वरून दगड सुटल्याचा आवाज आला म्हणाला. पाऊस कोसळत होता. चाळीसेक मिनिटं शोधाशोध झाली, काहीही सापडलं नाही. गाडी उशिरा, कंट्रोलचे फोन, सगळा गोंधळ. सकाळी तो माणूस कोपऱ्यात उभा, आता मेमो मिळणार अशा चेहऱ्याने. आमचे त्या वेळचे साहेब आले, सगळ्या गँगसमोर त्याच्याशी हात मिळवला आणि म्हणाले, "आवाज आला आणि तू थांबवलीस. पुढच्या वेळीही थांबव."

दगड सापडला असता तर शाबासकी कोणीही दिली असती. काहीच न सापडल्यावर तुम्ही काय करता, त्यावर पुढची गाडी थांबणार की नाही ते ठरतं. सड्यावरचे, तुमच्या त्या काकींचं मागच्या वर्षीचं म्हणणं बहुतेक असंच निघालं असेल. वास आला म्हणाल्या आणि माल चांगला निघाला. बरोबर?

---

सड्यावरचा | १० जून, सकाळी ११:०२

काका, अगदी तसंच. माल चांगला निघाला होता. म्हणूनच मी तसं बोललो होतो. हे मी मूळ लिखाणात टाकायला हवं होतं.

---

वाशिष्ठीकाठ | ११ जून, रात्री १०:४८

घाटपायथा काकांनी अधिकार हातात असण्याबद्दल लिहिलं म्हणून लिहिते आहे. यात माझी चूक आहे.

मी चिपळूणला एका कार्यालयात दप्तर सांभाळायचे. पूर आमच्याकडे नवीन नाही, त्यामुळे आमच्या शिपाईमामांना मी सांगून ठेवलं होतं, "बाहेरच्या दुसऱ्या पायरीला पाणी लागलं की मला फोन करत बसू नका, दप्तर वरच्या मजल्यावर न्या." मामा जवळच राहायचे. २२ जुलै २०२१ ला पहाटे ते अंधारात आले. फोन लागत नव्हते, लाईट नव्हती. एकट्या माणसाने उघड्या रॅकवरची सगळी रजिस्टरं जिन्याने वर नेली. दोन तास. शेवटच्या फेऱ्या कंबरभर पाण्यातून केल्या.

पण लोखंडी कपाटातलं सगळं गेलं. कपाटाची चावी माझ्या पर्समध्ये होती, आणि मी पाण्यापलीकडे. नंतर चिखलाने भरलेलं ते कपाट उघडलं तेव्हा कागदांचा लगदा एका ठोकळ्यासारखा बाहेर आला. मामा माझीच समजूत घालत होते.

काम सांगितलं होतं, कधी करायचं तेही सांगितलं होतं. चावी दिली नव्हती. आता मी दुसरीकडे आहे, पण कोणाला काही काम सोपवलं की स्वतःला विचारते, याची चावी अजून माझ्याकडे राहिली आहे का? कधी ती पासवर्ड असते, कधी सही, कधी नुसता एक फोन नंबर.

---

मतलई | १२ जून, सकाळी ६:५०

ताई, मामांना माझा नमस्कार सांगा.

---

पाटी_पेन्सिल | १४ जून, संध्याकाळी ६:१०

मी लांजा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका आहे. शाळा सुरू व्हायच्या धांदलीत हा धागा दोनदा वाचला.

माझं म्हणणं जरा वेगळं आहे. आपण स्वतः सतत घाईत दिसलो तर लोक आपल्याकडे येतच नाहीत. माझ्या एका शिक्षिकेने मला एका मुलाबद्दल तीन आठवडे उशिरा सांगितलं, तो मुलगा डबा आणत नव्हता आणि पोषण आहारही घरी न्यायचा. का नाही सांगितलंस विचारलं तर म्हणाली, "बाई, तुम्ही सारख्या ऑनलाईन माहिती भरत असता." खरंच होतं. सकाळी आल्या आल्या मोबाईल हातात, वरून कुठला तरी तक्ता आजच पाहिजे असतो.

तेव्हा एक नियम केला. शाळा भरल्यापासून पहिला तास मोबाईल कपाटात. त्या तासात मी व्हरांड्यात असते. काही करत नाही, नुसती फिरते, उभी राहते. वरचा तक्ता एक तास उशिरा गेला म्हणून आजवर काही बिघडलेलं नाही. आणि त्या एका तासात मला जे कळतं ते दिवसभराच्या कागदांत कळत नाही.

दुसरं म्हणजे एक साधी वही. त्यात माझी कामं नाहीत, मी कोणाला काय शब्द दिला एवढंच लिहिते. "खिडकीची कडी बघते", "रजेबद्दल उद्या सांगते". संध्याकाळी वही बघायची. झालं नसेल तर त्या माणसाला "अजून झालं नाही" हे जाऊन सांगायचं. लोकांना नकार चालतो, विसरलेलं चालत नाही.

---

लोटे_जनरल_शिफ्ट | ४ जुलै, रात्री ११:३०

नमस्कार, जुना धागा वर काढतोय, माफ करा. मला खरंच सल्ला पाहिजे.

लोटे एमआयडीसीत एका केमिकल प्लांटमध्ये ऑपरेटर होतो, एप्रिलमध्ये शिफ्ट सुपरवायझर केलं. हाताखाली अकराजण. त्यातले पाच माझ्याच बरोबर लागलेले, दोघे माझ्याच वाडीतले. आमचा प्लांट बंद करता येत नाही, शिफ्टला किमान सहाजण लागतात. आणि पुढे गणपती येतायत.

अकराच्या अकरा जणांना रजा पाहिजे. वाडीतला मित्र म्हणतो, "तू असताना मला काय काळजी." मागचा सुपरवायझर स्वतःच्या मर्जीने नावं कापायचा आणि मग चार दिवस आजारपणाचे फोन यायचे. मी कोणाचं नाव कापू? झोप लागत नाही.

---

पाटी_पेन्सिल | ५ जुलै, सकाळी ७:४०

बाळा, तू कोणाचंच नाव कापू नकोस. पहिल्यांदा एक माहिती गोळा कर: कोणाच्या घरी किती दिवसांचा गणपती आहे? दीड दिवसाचा, पाच दिवसांचा, गौरीबरोबर जाणारा, अनंत चतुर्दशीपर्यंतचा. कोणाच्या घरी गौरी आहेत, कोणाकडे गणपती नाहीच, मूळ घरी जातात. "मला गणपतीला रजा" असं सगळे म्हणतात, पण प्रत्येकाचा न चुकवता येणारा दिवस वेगळा असतो. एकाला आणायचा दिवस हवा असतो, दुसऱ्याला विसर्जनाचा.

---

सड्यावरचा | ५ जुलै, सकाळी ९:१५

बाईंनी सांगितलं ते करच. त्यावर माझं एवढंच: यादी तू बनवू नकोस. सहाजण लागतात हा आकडा फळ्यावर लिही, तो का लागतो ते समजावून सांग, आणि त्या अकराजणांना एकत्र बसव. आकडा तुझा, वाटणी त्यांची. मतलईंचं ऐक, तू शेवटी बोल. त्या बैठकीत मागच्या वर्षी कोण थांबलं होतं ते लिहून आण, म्हणजे आवाज मोठा त्याची रजा असं होणार नाही.

तुझी स्वतःची रजा सगळ्यांच्या नंतर टाक. हे अवघड जाईल. तुझ्या घरीही गणपती असेल.

मित्राशी मात्र बैठकीच्या आधी एकट्यात बोल. सगळ्यांसमोर त्याला नाही म्हणालास तर ते त्याला कायमचं लागेल.

---

घाटपायथा | ५ जुलै, दुपारी १२:००

आणि अंतिम यादी ठरली की ती भिंतीवर लाव. व्हॉट्सअॅपवर टाकलीस तर खाली गुड मॉर्निंगमध्ये वाहून जाईल.

---

लोटे_जनरल_शिफ्ट | ११ ऑगस्ट, रात्री १०:१५

झालं ते सांगतो. सगळं गोड झालं असं नाही.

बैठक दोन वेळा घ्यावी लागली. पहिल्या वेळी वीस मिनिटं कोणी बोललं नाही, मला वाटलं फसलं. मग सगळ्यात ज्युनिअर पोराला विचारलं. तो म्हणाला, आमचा दीड दिवसाचा आहे, तिसऱ्या दिवसापासून मी कोणाच्याही जागी येतो. त्याच्यानंतर एकेकजण बोलायला लागला. एक काका म्हणाले, आमच्या घरातलं माणूस गेलंय, यंदा गणपती बसणार नाही, मी सगळे दिवस कामावर आहे. हे त्यांनी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं, मी रजेच्या अर्जातून कधी ओळखलं असतं?

आणायच्या दिवशी एक माणूस कमी पडत होता. ती जागा मी घेतली. घरी आईला सांगितलं, ती गप्प झाली, पण बाबा म्हणाले मूर्ती काका आणतील.

वाडीतल्या मित्राशी सड्यावरच्या दादांनी सांगितलं तसं आधी बोललो. त्याला पाच दिवस हवे होते, बैठकीत तीन मिळाले. त्याने यादीवर सही केली, पण तेव्हापासून माझ्याबरोबर डबा खात नाही. काल रात्रपाळीत त्याने एका पंपाची सील गळतेय हे मला न सांगता थेट मेंटेनन्सला सांगितलं. काम वेळेवर झालं, म्हणून मी काही बोललो नाही. पण मला बातमी चुकवून गेली हे लागलं.

---

सड्यावरचा | १२ ऑगस्ट, सकाळी ६:३०

त्याने बातमी दडवली नाही, योग्य माणसाला दिली. आज शिफ्ट बदलताना सगळ्यांसमोर त्याचं नाव घेऊन सांग की सील त्याने वेळेवर बघितली. रजेचा विषय काढू नकोस. आणि डबा घेऊन तूच त्याच्या टेबलावर जा.

---

लोटे_जनरल_शिफ्ट | १२ ऑगस्ट, रात्री ११:५०

नाव घेतलं. तो काही बोलला नाही. डब्याला गेलो, त्याने सरकून जागा दिली.